बाद झालेल्या गड्याचे काय?

रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर मुले धर्मशिक्षणाच्या वर्गातून बाहेर येईपर्यंत पालक मंडळी चर्चच्या पटांगणात उभी असतात. त्या पंधरा-वीस मिनिटांत गावातली बरीच कामे उरकली जातात. गेले काही महिने आमच्याकडे येणारी तक्रार मात्र एकच आहे. "पोरं दणकट आहेत, चपळ आहेत, पण त्यांच्यात एकी नाही." एका आजोबांनी ती जरा तिखट करून सांगितली. ते स्वतः तरुणपणी हुतूतू खेळलेले. म्हणाले, "तुमच्याकडे सात गडी आहेत, संघ नाही."

या मुलांना संध्याकाळी कबड्डी शिकवणारे आम्ही तिघे. तिघांपैकी एकानेही जिल्ह्याबाहेर कधी चढाई केलेली नाही. नोकरीवरून लोकलने यायचे, घरी चहा घ्यायचा आणि शिट्टी गळ्यात अडकवून पटांगणात उभे राहायचे, एवढीच आमची पात्रता. आजोबांचे बोलणे आम्हाला लागले, पण राग आला नाही. एकी का नाही याचे थोडेफार उत्तर आम्हाला ठाऊक आहे, आणि त्या उत्तरात आम्ही स्वतः उभे आहोत. म्हणून ते या पानावर मांडायचे ठरवले. प्रश्न खेळाचा आहे, तसाच तो नीतीचाही आहे. मुलांना एकमेकांशी जोडायचे ते कशासाठी? आणि जोडण्याच्या नावाखाली त्यांच्याशी कसे वागण्याचा आपल्याला अधिकार आहे?

ज्यांनी कबड्डी नुसती टीव्हीवर पाहिली आहे त्यांच्यासाठी एक नियम आधी सांगितला पाहिजे. समोरचा चढाईपटू आपल्या अंगणात आला की त्याला ३० सेकंदांत परतायचे असते. समजा, आपल्या कोपऱ्यावरच्या मुलाने त्याचा घोटा धरला. बाकीच्यांनी आता काय करायचे? मदतीला धावले आणि पकड टिकली तर गुण आपला. पण चढाईपटू निसटून मध्यरेषेला पोहोचला, तर ज्यांचे ज्यांचे अंग त्याला लागले ते सगळे बाद. म्हणजे मदतीला जाणारा प्रत्येक जण स्वतःला पणाला लावतो. जो जात नाही तो सुरक्षित राहतो, आणि घोटा धरलेला मुलगा एकटा फरफटत जातो. हे ठरवायला अर्धा सेकंदही मिळत नाही. एवढ्या वेळात कोणी विचार करत नसतो. त्या दोघांमध्ये आधी जे काही घडून गेलेले असेल तेच हातापायांत उतरते. एकी आहे की नाही हे आम्ही तिथे पाहतो. सामन्याआधी गोल करून, हातावर हात ठेवून आरोळी ठोकतात तिथे नव्हे. ती आरोळी कोणीही ठोकतो.

दुसरा नियम बाद झालेल्यांचा. तो बाहेर जाऊन बसतो. त्याच्या संघाने समोरचा एक गडी बाद केला की तो आत येतो, आणि ज्या क्रमाने मुले बाहेर गेली त्याच क्रमाने आत येतात. स्वतःच्या कर्तबगारीने त्याला परत येता येत नाही. पूर्वी हा खेळ निरनिराळ्या तऱ्हांनी खेळत. 'अमर' प्रकारात बाद झालेला गडी बाहेर जातच नसे. 'गामिनी'त गेलेला गडी सगळे बाद होईपर्यंत परतत नसे. 'संजीवनी'त मात्र दुसऱ्याने मिळवलेल्या गुणावर तो जिवंत होई, आणि आज सगळीकडे खेळली जाते ती ही संजीवनीची तऱ्हा. नियम करणाऱ्यांनी धर्मग्रंथ उघडून ते केले असतील असे नाही, पण हा नियम मुलांना समजावताना आमचा आवाज थोडा बदलतो, हे कबूल केले पाहिजे.

आता, एकी व्हावी म्हणून आम्ही काय काय केले ते ऐका. सहल नेली. सारख्या रंगाचे टी-शर्ट शिवून घेतले. भिंतीवर घोषणा लिहिली. वाढदिवसाला केक कापू लागलो. सहलीत मुले खूष होती. ज्यांची आधीपासून मैत्री होती ते बसच्या मागच्या बाकावर बसले आणि ज्यांची नव्हती ते पुढे. सोमवारी पटांगणात पकड पहिल्यासारखीच सुटत होती. सहल वाईट असे आम्ही म्हणत नाही. पण बरोबर हसलेला मुलगा बरोबर बाद व्हायला तयार होतोच असे नाही.

याचा थोडा अभ्यासही झालेला आहे. माक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेतकी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचे बळ मोजले होते. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आकड्यांप्रमाणे, एकटा माणूस जेवढे ओढतो ते १०० धरले, तर आठ जण मिळून ओढताना प्रत्येकाच्या वाट्याचे बळ ४९ वर येते. काही बळ एकमेकांचा ताल न जुळल्याने वाया जाते, हे खरे. पण १९७४ साली अमेरिकेत काही संशोधकांनी एक युक्ती केली. डोळे बांधलेल्या माणसाला दोराच्या पुढच्या टोकाला उभे केले आणि मागे आणखी लोक ओढत आहेत असे त्याला भासवले. प्रत्यक्षात मागचे कोणी ओढतच नव्हते. ताल चुकायचा प्रश्नच उरला नव्हता, तरी त्या माणसाचा जोर कमी झाला. आपण किती ओढले हे कोणाला दिसणार नाही, असे वाटले की हात आपोआप सैल पडतो. मग आम्ही मुलांना "तुम्ही सगळे एक आहात" असे दिवसातून दहा वेळा सांगत होतो, त्याने काय साधत होते? कदाचित उलटेच. ज्याने पाय रोवून पकड टिकवली त्याचे नाव घ्यायचे आम्ही विसरत होतो, कारण टाळ्या शेवटच्या उडीला पडतात.

एकी घडवण्याचा एक झटपट मार्ग मात्र आम्हाला सापडला होता, आणि तो सांगताना थोडी लाज वाटते. शेजारच्या धर्मग्रामाच्या संघाविषयी आम्ही मुलांचे कान भरले. "ते लोक आपल्याला काय समजतात माहीत आहे का?" एवढे वाक्य पुरते. महिनाभर मुले हातात हात घालून फिरत होती.

हा मार्ग आमच्या आधी मोठ्या विद्वानांनी तपासून पाहिला आहे. १९५४ च्या उन्हाळ्यात मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात रॉबर्स केव्ह नावाच्या उद्यानात शिबिर भरवले. साधारण ११ वर्षांचे, एकमेकांना न ओळखणारे २२ मुलगे. त्यांचे दोन गट केले आणि पहिला आठवडाभर एका गटाला दुसऱ्याचा पत्ता लागू दिला नाही. मग बेसबॉल, रस्सीखेच अशा स्पर्धा लावल्या. बक्षीस म्हणून चषक, पदके आणि खिशात ठेवायचे चाकू. थोड्याच दिवसांत मुलांनी एकमेकांचे झेंडे जाळले, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी घातल्या. गटाच्या आत एकी कमालीची होती. पुढे दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवले, सिनेमा दाखवला. जेवताना मुलांनी एकमेकांवर अन्न फेकले. आमच्या सहलीचे काय झाले ते इथे आठवावे.

मग मार्ग कशाने निघाला? शिबिराचे पाणी बंद पडले, तेव्हा सगळ्यांना मिळून बिघाड शोधावा लागला. जेवणाचे सामान आणायचा ट्रक सुरू होईना, तेव्हा ज्या दोराने ते रस्सीखेच खेळले होते तोच दोर बांधून दोन्ही गटांनी ट्रक ओढला. हे प्रसंग शिबिर चालवणाऱ्यांनी मुद्दाम घडवून आणलेले होते, पण मुलांची तहान आणि भूक खोटी नव्हती. परत जाताना सगळे एकाच बसने गेले, आणि एका गटाने बक्षिसात मिळालेले पाच डॉलर खर्चून सगळ्यांना माल्टेड दूध पाजले.

या प्रयोगाची दुसरी बाजूही सांगायला हवी. शेरीफने त्याआधी १९५३ मध्ये असाच एक प्रयत्न केला होता. तिथे मुले एकमेकांवर उलटलीच नाहीत आणि प्रयोग मध्येच सोडावा लागला. जीना पेरी या लेखिकेने २०१८ साली पुस्तक लिहून ती हकीकत उजेडात आणली. मोठ्यांनी काड्या घालूनही मुले भांडायला तयार झाली नाहीत, हे वाचून आम्हाला बरे वाटले आणि आमची मान खालीही गेली. शत्रू दाखवून केलेली एकी स्वस्त पडते, पण तिला सतत नवा शत्रू पुरवावा लागतो. शेजारच्या धर्मग्रामाशी सामना संपल्यावर आमच्या मुलांनी तो आपल्याच संघात शोधला. पकड कोणाच्या चुकीने सुटली, याची नावे घेत घरी जाऊ लागली.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती पाच वर्षांपूर्वीची आहे. स्पर्धा कोणती हे सांगायची गरज नाही. आमचा किशोर गटाचा संघ अंतिम सामन्याला पोहोचला होता. उजव्या कोपऱ्यालगत खेळणारा एक मुलगा होता, चौदा वर्षांचा, अंगाने बारीक. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत तो एक दिवस चुकला नाही. पावसात पटांगणात चिखल झाला की सगळ्यात आधी येऊन तो बाजूची फरसबंदी झाडून ठेवी. कोपऱ्यावरच्या मुलाचा डावा हात आणि याचा उजवा हात अशी त्यांची साखळी. नऊ महिने ते दोघे एकमेकांचा हात धरून मागे-पुढे सरकत होते. कबड्डीत नजर चढाईपटूवर असते, शेजाऱ्याकडे पाहता येत नाही. तो काय करणार आहे हे हाताच्या दाबावरून कळते. या दोघांना ते कळू लागले होते.

अंतिम सामन्याच्या सकाळी एक दुसरा मुलगा आला. तोही आमच्याच धर्मग्रामाचा, वयात बसणारा, नाव जूनपासून यादीत. पण तो बाहेरगावी वसतिगृहात राहून शिकत होता आणि सरावाला आठ-दहा वेळाच आला असेल. मात्र खांदे असे की पाहत राहावे. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले आणि काही न बोलता आमचे ठरले. जर्सी दहाच होत्या. "अरे, तुझी जर्सी जरा याला दे," असे आमच्यापैकी एक जण सर्वांसमोर त्या बारीक मुलाला म्हणाला. कोणी म्हटले ते आम्ही सांगणार नाही, कारण बाकीचे दोघे गप्प उभे होते. मुलाने जर्सी काढली, घडी घालून दिली आणि घरून आणलेला शर्ट घातला.

त्याआधी पाचच मिनिटे आम्ही प्रार्थना घेतली होती. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात शरीर आणि अवयव यांचा जो दाखला दिला आहे, तो मुलांना समजावून सांगितला होता. अवयव अनेक, शरीर एक, आणि जे अवयव दुबळे दिसतात त्यांच्यावाचून शरीराचे चालत नाही. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठे क्रीडासामने भरत, म्हणून त्या लोकांना खेळाडूंचे दाखले चटकन कळत, अशी माहितीही आम्ही वर जोडली होती. मुलांनी माना डोलावल्या होत्या.

सामना आम्ही तीन गुणांनी जिंकलो. नव्या मुलाने दोन-तीन पकडी खरोखर सुरेख केल्या. चषक अजून सभागृहाच्या कपाटात आहे, कोणालाही पाहता येईल. शेजारी फोटोही आहे. त्यात तो बारीक मुलगा नाही. फोटो काढताना तो पाण्याच्या बाटल्या गोळा करत होता आणि त्याला हाक मारायचे कोणाला सुचले नाही.

सोमवारी तो आला नाही. आम्हाला वाटले, परीक्षा जवळ आली आहे. पंधरा दिवसांनी कोपऱ्यावरचा मुलगा यायचा थांबला. कोणी भांडले नाही, कोणी तक्रार केली नाही. जूनमध्ये नवा सराव सुरू झाला तेव्हा त्या विजयी सातांपैकी चौघे उरले होते. त्या चौघांचीही पकड आता अशी झाली होती की एकाने घोटा धरला की बाकीचे क्षणभर थांबून पाहत, ही टिकणार आहे का? टिकणार असेल तर जायचे. आजोबांनी पाहिला तो हाच संघ. ही मुले स्वार्थी आहेत असे आम्हाला वाटत नाही. उद्या आपल्याहून दणकट कोणी आले तर आपली जर्सी कोणाच्या अंगावर असेल, हे त्यांनी एका सकाळी पाहिले होते, आणि मुले एवढा हिशेब शिकायला वेळ लावत नाहीत.

फार उशिरा, ऑगस्टमध्ये, आम्ही तिघे त्या मुलाच्या घरी गेलो. आईने चहा केला. आम्ही क्षमा मागितली. ती शांतपणे म्हणाली, "खेळवलं नाहीत ते राहू द्या, सर. तो दुसरा जास्त ताकदीचा होता, हे आमच्या बाबूलाही कळतं. पण आदल्या दिवशी सांगितलं असतंत तर मी ती जर्सी धुऊन इस्त्री करून दिली नसती." यावर आम्हाला काही बोलता आले नाही. मुलगा आतून आला, पायरीजवळ उभा राहिला. काय बोलावे म्हणून आम्ही विचारले, सामना कसा वाटला? तो म्हणाला, "जिंकलो ना आपण." आणि पुन्हा आत गेला. 'तुम्ही' म्हणाला नाही. आपण म्हणाला.

ही गोष्ट आम्ही काही पालकांना सांगितली तेव्हा एका वडिलांनी सरळ आक्षेप घेतला. ते म्हणाले, "जगात असंच चालतं. नोकरीत कोणी विचारतं का, तू रोज वेळेवर येत होतास का? काम होतं की नाही एवढंच बघतात. पोरांना आत्तापासून कळलेलं बरं." या म्हणण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. अंतिम सामन्यात प्रत्येकाला सारखाच वेळ खेळवावे, हाच खरा न्याय, असे काही जण मानतात. आम्ही तसे मानत नाही. खेळात जिंकण्याची इच्छा नसेल तर तो खेळ राहत नाही, आणि मुलांनाच ते पहिल्यांदा कळते. लुटुपुटूच्या सामन्याला त्यांच्याइतके कोणी कंटाळत नाही. ताकदीचा गडी निवडण्याचा अधिकार शिकवणाऱ्याला आहे. तो आम्ही वापरला, त्याबद्दल आज आम्हाला पश्चात्ताप नाही.

मग चुकले कुठे? यावर आम्ही तिघांनी पुष्कळ खल केला. कधी कधी आवाजही चढले. आमच्यापैकी एकाचे अजूनही म्हणणे आहे की निर्णयच चुकला. नऊ महिने येणे हे एक न बोललेले वचन असते आणि ते मोडायला चषक हे कारण पुरेसे नाही. दुसरा म्हणतो, निर्णय बरोबर, रीत चुकली. पण एका गोष्टीवर तिघांचे एकमत झाले. संघ मुलाकडे मोठी मागणी करतो. दुसऱ्याची पकड टिकावी म्हणून तू स्वतः बाद व्हायची तयारी ठेव, असे आपण त्याला सांगतो. ही मागणी करणाऱ्याने स्वतः काय पणाला लावले होते? त्या सकाळी आम्ही मुलाच्या डोळ्यांत पाहून त्याला बाजूला घेऊन, "आज तुला बसवतो आहोत, कारण असे असे आहे, आणि तुला वाईट वाटणार हे आम्हाला ठाऊक आहे," एवढेही बोललो नाही. त्याचा राग, त्याचे रडणे आम्हाला झेपले नसते म्हणून आम्ही ते टाळले. दहा जणांसमोर तो रडणार नाही हे आम्हाला माहीत होते. त्याच्या संयमाचा आम्ही फायदा घेतला. साखळीत सात हात होते, पण आमचा त्यात नव्हता.

या संदर्भात नाशिकच्या शैलजा जैन यांची आठवण होते. वर्षानुवर्षे मुलींना कबड्डी शिकवलेल्या या बाईंना इराणने आपल्या महिला संघाची प्रशिक्षक म्हणून बोलावले. देश वेगळा, भाषा वेगळी. त्यांनी तिथे जाऊन फारसी शिकायला घेतली. २४ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्ता इथे आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इराणच्या मुलींनी भारताला २७-२४ असे हरवले. कबड्डीत आपल्या देशाला हरवणारा संघ एका मराठी बाईने घडवला, म्हणून त्या वेळी त्यांच्यावर बरेच छापून आले. आम्हाला त्यातले फारसी शिकणे महत्त्वाचे वाटते. परकी भाषा बोलताना मोठा माणूस लहान होतो. शब्द चुकतात, समोरची मुलगी हसते, ती तुम्हाला दुरुस्त करते. ज्यांना शिकवायला गेलो त्यांच्यासमोर आधी आपण चुकायचे, हे साठीच्या आसपासच्या माणसाला सोपे नसते. तिथे नेमके काय घडले ते आम्ही पाहिलेले नाही, पण असा शिकवणारा साखळीत असतो, बाहेर नसतो, एवढे आम्हाला वाटते.

त्यानंतर आम्ही दोन-तीन गोष्टी बदलल्या. सामन्याची यादी आदल्या संध्याकाळी ठरते. जो बसणार त्याला आधी, एकट्याला, कारणासह सांगायचे, आणि सांगायचे तिघांनी मिळून. हे काम आम्हाला अजून जड जाते. गेल्या वर्षी एका मुलाने ऐकून घेतले आणि आमच्या अंगावर शिट्टी फेकली. आम्ही ती उचलली. तो सामन्याला आला होता. दुसरे म्हणजे, सराव संपताना प्रत्येकाने दुसऱ्या कोणाचे तरी एक न दिसलेले काम सांगायचे. सुरुवातीला मुले लाजली, थट्टा करू लागली. आता ती अशा बारीकसारीक गोष्टी सांगतात की आम्हीच चकित होतो.

पण नियम करून प्रश्न संपत नाहीत. यंदा एक नवा मुलगा आला आहे. चढाईला विलक्षण. मात्र आठवड्यातून दोनच दिवस सरावाला येतो. आमचा आधीचा अनुभव जमेस धरून आम्ही ठरवून टाकले होते की जो रोज येतो तोच खेळेल, मग समोर कोणीही असो. न्याय म्हणजे न्याय. एका संध्याकाळी कोपऱ्यावरचा मुलगा म्हणाला, "सर, तो आळशी नाही. त्याच्या घरी जाऊन बघा."

गेलो. घरी वडील आजारी. आई वाडीतली मेथी आणि पालक काढून संध्याकाळी जुड्या बांधते, त्या पहाटेच्या गाडीने बाजारात जातात. मुलगा तिच्याजवळ बसून जुड्या बांधत होता. ज्या दिवशी माल कमी निघतो त्याच दिवशी तो पटांगणात येऊ शकतो. म्हणजे आमच्या नव्या न्यायाने सगळ्यात आधी बाहेर बसला असता तो हाच. हजेरीचा नियम ज्यांच्या संध्याकाळी मोकळ्या असतात त्यांनाच सोपा जातो, हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

परत येताना आम्ही तिघे गप्प होतो. त्याला सूट द्यावी तर रोज येणाऱ्याला काय सांगायचे? न द्यावी तर याला काय सांगायचे? शेवटी दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलांना गोल बसवून जसे होते तसे सांगितले, आणि आम्हाला उत्तर सापडलेले नाही हेही सांगितले. मुले थोडा वेळ बोटांनी मातीत रेघा ओढत बसली. मग एकाने विचारले, "जुड्या बांधायला किती वेळ लागतो?"

त्या आठवड्यात चौघे जण त्याच्या ओट्यावर जाऊन बसले. पहिल्या दिवशी त्यांनी बांधलेल्या जुड्या इतक्या सैल होत्या की आईला रात्री त्या पुन्हा सोडून बांधाव्या लागल्या. तिने हे आम्हाला हसत हसत सांगितले, मुलांना सांगू नका म्हणून बजावले, आणि आता आम्ही इथे छापून टाकले आहे. सध्या जुड्या बऱ्या होतात. सराव सहाऐवजी सातला सुरू होतो. तोवर अंधार पडतो, म्हणून फादरांनी सभागृहाच्या कोपऱ्यावर एक मोठा दिवा लावून दिला आहे. त्याचा उजेड डाव्या बाजूला नीट पोहोचत नाही. ज्यांच्याकडे जुना पण चालू स्थितीतला हॅलोजन पडून असेल त्यांनी कृपया रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आम्हाला पटांगणात भेटावे.